‘जेवला’ आणि ‘खाल्लें’

रात्रीं नऊच्या सुमारास जुईनगर स्थानकावर गाडी थांबली म्हणजे उतरणाऱ्या गर्दींत निदान चारदोन माणसें तरी मोबाइल कानाशीं धरून घरच्या कोणाला तरी एकच गोष्ट विचारीत असतात. गोष्ट एकच, पण शब्द निरनिराळे. ‘जेवलास का?’, ‘जेवलीस ना?’, ‘जेवण झालें?’, ‘जेवण केलेंत का?’ आणि अलीकडे वारंवार, ‘जेवण खाल्लेंस का?’ पहिले चार प्रश्न कानावरून जातात व विसरले जातात. पांचव्यानें मात्र चालतां चालतां पाय थबकतो. विचारणारा बहुधा सुशिक्षित असतो, त्याच्या आवाजांतली माया इतरांपेक्षां रतिभरहि कमी नसते, आणि ज्याला विचारलें त्याला अर्थहि बरोबर पोंचतो. मग बिघडलें काय? बिघडलें तें इतकें सूक्ष्म आहे कीं, तें सांगण्यासाठीं मला पाणिनीपर्यंत व पुढें ग्रीकांच्या पंगतीपर्यंत जावें लागणार आहे. वाचकांनीं तेवढी सोबत करावी.

प्रथम एक कबुली. या धातूकडे माझें लक्ष गेलें तें विद्वत्तेमुळें नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या एका अन्यायामुळें. अध्यापनाच्या आरंभींच्या वर्षांत उत्तरपत्रिका तपाशीत असतां, या खाडीकांठच्या एका गांवांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधांत मला एक वाक्य आढळलें. घरच्या लग्नाचें वर्णन करतांना त्यानें लिहिलें होतें: ‘आम्ही सगळे एका पंगतीला मासळी-भात जेवलों.’ मीं ‘जेवलों’ या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढली, समासांत ‘जेवणें अकर्मक आहे, भात खाल्ला असें लिहा’ असा शेरा दिला आणि अर्धा गुण कापला. मुलगा आगरी घरांतला. त्याची भाषा गांवठी आणि माझी शुद्ध, अशी माझी त्या वेळीं अगदीं प्रामाणिक समजूत होती. पुढें कित्येक वर्षांनीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) नीट वाचण्याचा योग आला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, चूक त्याची नव्हती, माझी होती. इंग्रजींतून शिकलेल्या माणसाच्या डोक्यांत सकर्मक-अकर्मकाचे जे दोन कप्पे तयार झालेले असतात, ते मीं त्या मुलाच्या मराठीवर लादले होते.

मराठींत भूतकाळीं सकर्मक क्रियापदाचा कर्ता बहुधा तृतीयेंत जातो व क्रियापद कर्माच्या मागें चालतें, हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. त्यानें आंबा खाल्ला, त्यानें चिंच खाल्ली, त्यानें केळें खाल्लें. खाणारा पुरुष कीं स्त्री, एक कीं दहा, याची क्रियापदाला पर्वा नाहीं. त्याची नजर फळावर. आतां ‘जेवणें’ घ्या. तो पुरणपोळी जेवला, ती पुरणपोळी जेवली, आम्ही पुरणपोळी जेवलों. कर्म डोळ्यांपुढें वाढलेलें असूनहि क्रियापद त्याकडे ढुंकून पाहत नाहीं. तें जेवणाऱ्याशींच बांधलेलें राहतें. त्याला ‘नें’ लागत नाहीं, आणि त्याचें लिंग, वचन, पुरुष सारें क्रियापदांत उमटतें.

प्रथमपुरुषीं हा भेद आतां लेखनांत पुरता दिसत नाहीं. पूर्वीं ‘मी जेवलों’ पण ‘मीं आंबा खाल्ला’ असें लिहीत. दुसऱ्या वाक्यांतील ‘मीं’ वरचा अनुस्वार ही तृतीयेची खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यांत ही खूणहि गेली. जें उच्चारांत नाहीं तें लेखनांत कशाला, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरीहि मी अजून जुन्या वळणानेंच लिहितों आणि संपादक तें सोसतात, त्याचें एक कारण हा ‘मीं’ आहे.

दुसरी कसोटी याहून गमतीची. ‘जेवलेला माणूस’ म्हटलें कीं हात धुऊन सुपारी कातरीत बसलेला गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. ‘खाल्लेला माणूस’ म्हटलें तर त्याला खाणारा वाघ शोधावा लागतो! एकाच क्रियेचीं म्हणून समजलीं जाणारीं हीं दोन क्रियापदें. पण एकाचें विशेषण खाणाऱ्याला लागतें आणि दुसऱ्याचें खाल्ल्या गेलेल्याला. ‘प्यालेला’ हा जेवलेल्याच्या शेजारीं बसतो, ‘शिकलेला’ हि तेथेंच.

असे धातु मराठींत थोडे आहेत, पण जे आहेत ते एका कुळांतले दिसतात. पाणी पिणें, लुगडें नेसणें, दागिने लेणें, धडा शिकणें, नांव विसरणें, मर्म समजणें, चार शब्द बोलणें. तो पाणी प्याला, ती लुगडें नेसली, मी धडा शिकलों. शाळेंत हीं नांवें एका दमांत पाठ करून घेतात आणि त्यांवर ‘अपवाद’ अशी पाटी लावतात. दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाला (१८३६) आतां दोनशें वर्षें होत आलीं. एवढ्या अवधींत आमच्या वर्गांतून अपवाद मोजले गेले, पण हेच धातु एकत्र कां बसले याची चौकशी क्वचितच झाली. माझी तक्रार व्याकरणकारांविरुद्ध नाहीं. त्यांनीं रानांत वाट पाडली; तिच्या कडेचीं झाडें मोजलीं नाहींत म्हणून त्यांना बोल लावणें कृतघ्नपणाचें होईल. माझी तक्रार ‘अपवाद’ या शब्दाविरुद्ध आहे. अपवाद म्हटला कीं विचार थांबतो.

आंबा कापला तर आंबा पूर्वींचा राहत नाहीं. धडा शिकला तर धडा आहे तसाच राहतो, मुलगा पूर्वींचा राहत नाहीं. पाणी पोटांत जातें, लुगडें अंगाला लागतें, विद्या मनांत उतरते. या साऱ्या क्रियांचें फळ उलटून करणाऱ्यावरच येतें. जेवणाऱ्यापुढचा भात संपतो, हें खरें. पण ‘तो भात जेवला’ या वाक्याचें लक्ष संपलेल्या भाताकडे नसून पोट भरलेल्या माणसाकडे असतें. बाहेरचा पदार्थ आंत घेण्याच्या धातूंचा असा एक वेगळाच वर्ग भारतीय भाषांत मानावा लागतो, हें कॉलिन मॅसिका यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें मांडलें आहे. मात्र त्यासाठीं विसाव्या शतकापर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

संस्कृतांतला भुज् धातु पाहा. तो परस्मैपदांत चालविला तर अर्थ ‘राखणें’: राजा पृथ्वी भुनक्ति. जेवणें किंवा उपभोगणें असा अर्थ हवा असेल तर आत्मनेपद, भुङ्क्ते. एवढ्या एका भेदासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे, आणि सूत्रें खर्चण्याच्या बाबतींत तो उधळा नव्हता. आत्मनेपद म्हणजे ज्याचें फळ स्वतःकडे येतें तें पद. आमचें ‘जेवणें’ शब्दानें भुज् पासून आलेलें नाहीं, पण गादी त्याचीच चालवितें. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत भुज् च्या जागीं येणारे धातु सांगतांना ‘जिम’ आणि ‘जेम’ हे दोन्ही दिले आहेत. त्या ‘जेम’ चें आमचें ‘जेव’. गुजरातींत तोच धातु ‘जमवुं’ झाला.

याहून नवलाची गोष्ट प्रयोजक क्रियापदांच्या प्रकरणांत आहे. एखादी क्रिया दुसऱ्याकडून करविली म्हणजे ती करणारा संस्कृतांत सामान्यतः तृतीयेंत जातो. पण जाण्याचे धातु, समजण्याचे धातु, खाण्यापिण्याचे धातु, शब्द हेंच ज्यांचें कर्म असे धातु आणि अकर्मक धातु, एवढ्यांच्या बाबतींत तो तृतीयेंत न जातां कर्म होतो, असें पाणिनि सांगतो. ही यादी मराठीशेजारीं ठेवून पाहावी: तो गेला, तो समजला, तो जेवला, तो बोलला, तो निजला. भूतकाळीं कर्त्याला ‘नें’ लावून न घेणारे आमचे धातु जवळजवळ त्याच रांगेंत उभे आहेत! आणि इतक्यानें भागत नाहीं. या नियमांतून वार्तिककारांनीं खाण्याचेच दोन धातु वगळले आहेत: अद् आणि खाद्. त्यांतला खाद् म्हणजे आमच्या ‘खाणें’ चा पूर्वज. म्हणजे ‘खाणें’ ला या पंगतींतून दोन हजार वर्षांपूर्वींच उठविलेलें होतें. हें प्रथम ध्यानांत आलें त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप लागली नाहीं, हें सांगितल्यास कांहीं वाचक हंसतील, हंसोत.

पाणिनीचें सूत्र प्रयोजकाविषयीं आहे आणि आमची यादी भूतकाळाविषयीं, तेव्हां एकांतून दुसरी निघाली असें मी म्हणत नाहीं. मराठी भूतकाळाचें खरें मूळ संस्कृतांतील क्तप्रत्ययान्त विशेषणांत आहे. गत, कृत, पठित हीं तीं विशेषणें. सकर्मक धातूंचें असें विशेषण सामान्यतः कर्माला लागतें. पण पाणी प्यालेल्या गाईंनाच ‘पीत’ आणि भोजन झालेल्या ब्राह्मणांनाच ‘भुक्त’ म्हणण्याचा प्रघात वैयाकरणांच्या नजरेस आला होता, आणि त्याची संगति लावतांना त्यांना पुष्कळ खटाटोप करावा लागला. ‘गाई पाणी प्याल्या’ हें आमचें वाक्य त्या ‘पीत’ गाईंच्याच कळपांतलें. रोमन लोकांचेंहि असेंच. त्यांचा ‘केनातुस्’ हा शब्द रूपानें कर्मणि, पण अर्थ ‘जेवलेला’. ‘पोतुस्’ म्हणजे ‘प्यालेला’. ज्या विद्यार्थ्याला मीं तांबडी रेघ दिली त्याच्या पाठीशीं एवढी मंडळी उभी होती, आणि माझ्या पाठीशीं एक शालेय पुस्तक.

ग्रीक मी कोशाच्या कुबड्या घेऊन वाचतों, म्हणून येथें जपून बोललें पाहिजे. मुख्य जेवणाला ते ‘देइप्नॉन्’ म्हणत आणि त्यावरून ‘देइप्नेइन्’, जेवणें, हा धातु. होमरच्या काव्यांत हें जेवण बहुधा दिवसाउजेडींचें, संध्याकाळचें ‘दॉर्पॉन्’ निराळें. पुढें अथेन्समध्यें देइप्नॉन् संध्याकाळवर सरकलें आणि दुपारच्या जागीं ‘आरिस्तॉन्’ आलें. खाण्याचा सामान्य धातु वेगळाच, ‘एस्थिएइन्’. म्हणजे जेवणें आणि खाणें हीं दोन भांडीं त्यांच्याहि घरांत वेगळीं होतीं. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास अथेनेउस यानें ‘देइप्नॉसॉफिस्ताइ’ नांवाचा प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यांत विद्वान मंडळी जेवणाच्या निमित्तानें जमून जगांतल्या साऱ्या विषयांवर वाद घालतात. त्या नांवाचें मराठी ‘जेवणारे पंडित’ असें करतां येईल. ‘खाणारे पंडित’ असें केल्यास ग्रंथ निराळ्याच विषयावरचा वाटेल.

ग्रीकांत कर्तरि व कर्मणि यांखेरीज मध्यम नांवाचा तिसरा प्रयोग आहे. तो आमच्या आत्मनेपदाचा सख्खा भाऊ. घरच्या चुलीला ते ‘हेस्तिआ’ म्हणत. तीवरून झालेला धातु कर्तरि रूपांत ‘दुसऱ्याला जेवूं घालणें’ आणि मध्यम रूपांत ‘आपण जेवणें’ असा चालतो. होमरच्या ‘दाइनुमि’ धातूचेंहि तसेंच, आणि त्याचें मूळ ‘वांटणें’ या अर्थाशीं जोडलेलें आहे: मेजवानी म्हणजे ज्याच्या त्याच्या पानांत आलेला वांटा. खाणें आणि पिणें या अर्थाचे त्यांचे रोजचे धातु वर्तमानकाळीं कर्तरि असतात, पण भविष्यकाळांत शिरतांच मध्यम रूप घेतात. शिकणें व ऐकणें या अर्थाच्या धातूंचीहि तीच तऱ्हा. खुद्द देइप्नेइन् मात्र अभिजात काळांत भविष्यांतहि सरळ कर्तरिच राहतो, म्हणून हा न्याय फार ताणूं नये. आमच्याकडेहि ‘मीं गाणें ऐकलें’ या वाक्यापाशीं माझी उपपत्ति अडते. ऐकलेलें कानांतून आंतच जातें, तरी तेथें तृतीया आहेच. सिडकोनें आंखलेल्या आमच्या या वसाहतींत प्रत्येक सेक्टरला क्रमांक आहे. भाषेची वस्ती जुन्या गांवासारखी, कोणतें घर कोणत्या गल्लींत उघडतें तें राहिल्याशिवाय कळत नाहीं.

येथवर व्याकरण झालें. अर्थाकडे पाहिलें तर दोन धातूंतलें अंतर आणखीच वाढतें. एकादशीच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडीचीं दोन ताटें रिचविलेला गृहस्थ शपथेवर सांगेल कीं, मी आज जेवलों नाहीं. आणि तो खोटें बोलत नाहीं. सकाळीं खातात, मधल्या वेळीं खातात, गाडींत खातात. जेवतात तें पान मांडून, बसून, शक्यतों कोणाच्या तरी सोबत. गाय खाते, उंदीर खातो, जेवतो माणूस. माणसाखेरीज जेवतो तो फक्त देव. लहानग्या नामदेवाच्या हट्टापुढें विठ्ठल जेवला, असेंच आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलों. ‘विठ्ठलानें नैवेद्य खाल्ला’ असें म्हणून पाहावें, जीभ अडखळते. उलट लाच खातात, मार खातात, डोकें खातात, गंज लोखंड खातो. लाच जेवल्याचें अद्याप कोणाच्या ऐकिवांत नाहीं. ‘खाणें’ कोणत्याहि पदार्थाला तोंड लावतें, कारण त्याला पदार्थाचीच ओढ; ‘जेवणें’ असें बाटत नाहीं, कारण तें पदार्थाविषयीं नाहींच.

आतां स्थानकावरच्या त्या पांचव्या प्रश्नाकडे येतों. ‘जेवण खाल्लेंस का?’ हा ‘खाना खाया?’ चा मराठी पोशाख आहे, हें उघड आहे. आमच्याच इमारतींत याचा एक आपोआप झालेला प्रयोग मला पाहावयास मिळाला. एका मजल्यावर गुजराती कुटुंब, त्याच्या वर उत्तर प्रदेशांतून आलेलें. दोन्ही घरच्या बायका येथें येऊन मराठी शिकल्या, आणि दोघीहि आतां माझ्यापेक्षां जास्त लोकांशीं तें बोलतात. गुजराती बाई पहिल्या महिन्यापासून ‘मी जेवलें’ असें निर्दोष म्हणूं लागल्या; त्यांच्या घरीं ‘हुं जमी’ आहेच, आणि तेथेंहि क्रियापद जेवणारीच्याच मागें चालतें. दुसऱ्या बाईंच्या हिंदींत ‘मैंने खाना खाया’, म्हणून त्यांचें मराठी ‘मीं जेवण खाल्लें’. त्यांचा यांत कांहींच दोष नाहीं. दुसऱ्याची भाषा जिभेवर घेणाऱ्या माणसाच्या चुका मोजणें ही कोत्या मनाची करमणूक आहे. दोष आला तर तो आपल्याकडे येतो. कारण त्यांना दुरुस्त करण्याऐवजीं आपलीं मुलें तें वाक्य त्यांच्याकडून घेऊन घरीं आणतात, आणि आपल्याला तें खटकत नाहीं.

येथें एका गोष्टीचा घोटाळा होऊं देऊं नये. ‘जेवण करणें’ हा प्रयोग मराठवाड्यांत व विदर्भांत सर्रास चालतो, तो तेथला घरचा आहे आणि त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार मुंबई-पुण्याकडच्यांना कोणी दिलेला नाहीं. एकदां आगरी मुलाला रेघ ओढून मी शहाणा झालों आहें. ‘जेवण झालें का?’ हाहि जुना व सभ्य प्रश्न. माझी शंका फक्त ‘जेवण खाल्लें’ पुरती आहे, आणि तीहि एकट्या त्याच्यासाठीं नाहीं. या कुळांतले धातु एकेक करून उठून चालले आहेत, हें मला दिसतें. ‘लेणें’ बोलण्यांतून गेलें. दागिने आतां ‘घालतात’. ‘न्हाला’ गेला, ‘आंघोळ केली’ राहिलें. साडी ‘नेसली’ च्या जागीं ‘साडी घातली’ ऐकूं येतें, जणूं साडी म्हणजे सदरा. ‘पाणी प्यालों’ च्या ठिकाणीं ‘पाणी पिलें’ तर वर्तमानपत्रांतहि छापलेलें आढळतें. पाण्याचें लिंग क्रियापदाला चिकटलें आणि पिणारा तहानलेला बाजूला राहिला. ‘शिकलों’ व ‘विसरलों’ अजून घट्ट बसून आहेत. त्यांना उठवणारें कोणी भेटलेलें नाहीं, इतकेंच.

यांत काय बुडालें, असें माझा एक तरुण सहकारी विचारतो. भाषा बदलतेच, ग्रीकांचें मध्यम गेलें, संस्कृतांतलें आत्मनेपद प्राकृतांत झिजलें, जग चालूच आहे. त्याचें म्हणणें मी खोडूं शकत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, बाहेरगांवीं शिकणाऱ्या मुलीला आई रात्रीं ‘जेवलीस का?’ असें विचारते, तेव्हां त्या एका शब्दांत मुलगी आहे आणि दुसरें कांहीं नाहीं. भात नाहीं, पोळी नाहीं, वसतिगृहाच्या स्वयंपाकाची तक्रार नाहीं. ‘जेवण खाल्लेंस का?’ यांत आधीं जेवण येतें, क्रियापद त्याच्या नपुंसकलिंगाला जाऊन मिळतें, आणि मुलीच्या वांट्याला शेवटचा एक ‘स’ उरतो.

उत्तरपत्रिका मी अजूनहि तपाशितों. ‘आम्ही जेवण खाल्लें’ हें वाक्य आतां दरवर्षीं चारदोन ठिकाणीं आढळतें, आणि लिहिणारांत मराठी घरचीं मुलें थोडीं नसतात. गुण मी कापीत नाहीं. समासांत पेन्सिलीनें एवढेंच विचारतों: ‘कोण जेवलें?’